नगरकरणीची अमेरिकेतली उपकारस्तुती

बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४, नेटिक

सकाळी साडेसहाला लेकीने फ्रीज उघडला, टर्कीच्या पोटात हात घातला आणि ओरडली, "मम्मी, आतून नुसता दगड आहे!"

चौदा पौंडांचा पक्षी, म्हणजे सहा किलोंच्या वरच. सोमवारी सकाळी फ्रीजरमधून काढून खाली ठेवला होता. चार-पाच पौंडांना एक दिवस धरा असं पाकिटावर स्पष्ट छापलेलं, पण नोकरीच्या घरात पाकिटं वाचतंय कोण! मग सिंक घासून घेतलं, गार पाणी भरलं आणि पाकिटासकट टर्की त्यात बुडवली. दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. जावयांनी मोबाइलवर गजर लावून दिला आणि पाण्याचं खातं माझ्याकडे आलं. पस्तीस वर्षं शाळेत तासाच्या घंटेवर उठबस केलेली बाई मी, मला ते जमलं. आमच्याकडे कोंबडी सकाळी अंगणात असते आणि दुपारी ताटात. इथे मेलेल्या पक्ष्याची तीन-तीन दिवस मनधरणी करावी लागते.

नेटिक हे बोस्टनच्या पश्चिमेचं गाव. लेक-जावई दोघंही संगणकवाले, मी ऑक्टोबरपासून त्यांच्याकडे. तिकीट काढतानाच मी सांगितलं होतं की नोव्हेंबरअखेरचा आठवडा माझ्या हुकमाने चालणार. यंदा थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथला आभार मानायचा सण, गुरुवारी २८ला आणि आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाची वाट पाहायच्या दिवसांचा, पहिला रविवार लगेच १ डिसेंबरला. त्यात आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे अमेरिकन मराठी मिशनचे. माझ्या पणज्याला ज्यांच्या शाळेत पाटी मिळाली ती माणसं ह्याच मॅसॅच्युसेट्समधून निघाली होती. त्यांचा मुलूख एकदा पायाखालून घालायचा होता.

दुपारी दोन गजरांच्या मधल्या वेळात जावई मला साउथ नेटिकला घेऊन गेले, गाडीने दहा मिनिटं. चार्ल्स नदीचा काठ, पानं झडलेली झाडं, चिटपाखरू नाही. १६५१मध्ये जॉन एलियट नावाच्या पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, इथे ख्रिस्ती झालेल्या इंडियन लोकांचं, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं, पहिलं गाव वसवलं. त्यांच्या भाषेत त्याने अख्खं बायबल केलं, ते १६६३मध्ये छापून झालं. अमेरिकेत छापलेलं ते पहिलं संपूर्ण बायबल, आणि ते इंग्रजीत नाही! इथल्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळकही पुढे त्यांच्यातलाच झाला, डॅनियल टाकावांबेट. १७१६मध्ये तो वारला. हे ऐकताना मला आमचे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक आठवले, नगरच्या पहिल्या देशी पाळकांपैकी. गोऱ्या साहेबाच्या जागी आपल्यातला माणूस वेदीशी उभा राहिला तेव्हा पहिल्या बाकावरच्या बायकांना काय वाटलं असेल?

पण गोष्ट तिथे संपत नाही. १६७५मध्ये इंग्रज आणि इंडियन यांच्यात लढाई पेटली, तेव्हा नेटिकच्या ह्या ख्रिस्ती लोकांना रातोरात बोस्टनच्या बंदरातल्या डियर आयलंडवर नेऊन टाकलं. प्रार्थना एकच, देव एकच, तरी भरवसा नाही. भर हिवाळ्यात, उघड्यावर, अन्नावाचून त्यातले कितीतरी मेले. जावई म्हणाले, "मम्मी, तुमचं विमान उतरताना समुद्राकाठी मोठी मोठी अंडी दिसली ना? तेच डियर आयलंड." दिसली होती. आज तिथे सांडपाणी शुद्ध करायचा कारखाना आहे, ती अंडी म्हणजे त्याच्या टाक्या. मी खिडकीतून त्या अंड्यांचा फोटोही काढला होता आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर 'काय असेल ओळखा' म्हणून टाकला होता.

घरी आलो तर गजर वाजून वाजून थकलेला. टर्की मात्र सुटली होती. मीठ, लोणी, लसूण आणि माझ्या हट्टाखातर घरचा काळा मसाला कातडीखाली भरून झाकून ठेवली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर, प्लिमथ

पहाटेपासून पाऊस. गार, बारीक आणि चिवट. जावई ओव्हनच्या राखणीला घरी राहिले, आम्ही मायलेकी निघालो. तासाभराचा रस्ता, सगळी दुकानं बंद, दिवाळीच्या पाडव्याला पहाटे असतो तसा शुकशुकाट.

प्लिमथचा तो जगप्रसिद्ध खडक आधी उरकून घेते. समुद्राकाठी खांबांचा मोठा मंडप, आत वाकून पाहायचं, खाली वाळूत एक धोंडा. त्यावर १६२० कोरलेलं. मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून वसाहत करायला आलेले लोक ह्याच दगडावर उतरले असं कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं ते १७४१मध्ये, सव्वाशे वर्षं उलटल्यावर, आणि तेही एका नव्वदी पार केलेल्या म्हाताऱ्याने. आमच्या शेजारी उभा असलेला एक लहान मुलगा बापाला म्हणाला, "एवढाच?" मला त्या मुलाचा गालगुच्चा घ्यावासा वाटला.

खडकासमोरच्या टेकडीवर मात्र पाय थबकतात. तिचं नाव कोल्स हिल. जहाजातून १०२ माणसं आली आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यातली जवळजवळ निम्मी गेली. त्यांना ह्या टेकडीवर पुरलं. पुढचं पीक हाती आलं तेव्हा १६२१च्या शरदात जेवण झालं, त्यावर आजचा सगळा सण उभा आहे. त्यांच्यातल्याच एडवर्ड विन्स्लोच्या एका पत्रात त्याबद्दल मोजक्या ओळी आहेत. चार माणसं पक्षी मारायला धाडली, इथल्या मूळच्या वांपानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसांनिशी आला, त्यांनी पाच हरणं आणली, तीन दिवस खाणंपिणं चाललं. पत्रात टर्कीचं नाव नाही, 'थँक्सगिव्हिंग' हा शब्दही नाही. त्या वेळी वसाहतीत मोठ्या बायका उरल्या होत्या अवघ्या चार! चार बायका आणि शंभरावर पुरुष माणसं, तीन दिवस. पत्र लिहिणाऱ्याला हे नोंदवावंसं वाटलं नाही. मी चर्चच्या महिला मंडळात तीस वर्षं पंगती वाढल्या आहेत, मला पहिल्यांदा तेच दिसलं.

देवाचे आभार मानायचा म्हणून ठरवून पाळलेला दिवस प्लिमथमध्ये आला तो दोन वर्षांनी, १६२३मध्ये. मोठी ओढ पडली होती, मका करपत चालला होता, लोकांनी प्रार्थनेचा दिवस पाळला आणि पाऊस आला. गव्हर्नर ब्रॅडफर्डने हे लिहून ठेवलंय. नगरच्या माणसाला ही गोष्ट कोणी समजावून सांगायला नको. आकाशाकडे बघत काढलेले जून-जुलै आम्हाला पाठ आहेत.

बाराच्या सुमारास टेकडीवर माणसं जमू लागली. रेनकोट, छत्र्या, ब्लँकेटं, ढोलाचा आवाज. मॅसासॉइटचा पुतळा बंदराकडे तोंड करून उभा, त्याच्या पायाशी ही सभा. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दुपारी बारा वाजता इथले मूळ रहिवासी शोकदिन पाळतात, १९७०पासून. त्या वर्षी मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षं झाली म्हणून सरकारी मेजवानी होती. वांपानोआग समाजाच्या वामसुटा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं. आयोजकांनी भाषण आधी वाचायला मागितलं आणि वाचल्यावर दुसरंच लिहून हातात ठेवलं. ते वाचायला त्यांनी नकार दिला. मग लोक ह्या टेकडीवर जमले. भाषणं फक्त मूळ रहिवाशांची, बाकीच्यांनी ऐकायचं.

आम्ही मागे उभ्या राहून ऐकलं. सगळं समजलं असं नाही म्हणणार, वारा शब्द पळवत होता. पण ज्या मॅसासॉइटने त्या पहिल्या वर्षी इंग्रजांशी तह केला, त्याच्या मुलाचं, मेटाकॉमचं, डोकं १६७६मध्ये ह्याच गावात खांबावर लावलं आणि ते वर्षानुवर्षं तसंच होतं, हे इथे उभं राहून आठवलं की मफलर आणखी आवळावासा वाटतो. टिस्क्वांटम नावाच्या वांपानोआग माणसाचं तर आणखीच वेगळं. त्याला १६१४मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकलं. कसाबसा परत आला तोवर त्याचं अख्खं गाव साथीत मेलं होतं. त्या ओसाड गावाच्या जागीच पुढे प्लिमथ उभं राहिलं, आणि मक्याच्या आळ्यात मासळीचं खत कसं घालायचं ते नव्या लोकांना ह्यानेच दाखवलं.

लेक हळूच म्हणाली, "मम्मी, आपण घरी जाऊन टर्की खायची की नाही आता?"

मी म्हटलं, "जावई सकाळपासून ओव्हनशी बसलेत. खायची."

इथे शब्दाविषयी थोडं बोलते. आमच्या मराठी मंडळ्यांत थँक्सगिव्हिंगला 'उपकारस्तुती' म्हणतात. पोरगं पास झालं, म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, बोअरला पाणी लागलं, की पाकिटात पैसे घालून वर कारण लिहायचं आणि दानार्पणात टाकायचं. पाळकसाहेब ते कारणासकट आणि रकमेसकट वाचून दाखवतात. कापणीच्या सणाला पहिल्या उपजाचं आणून वेदीपुढे ठेवतात, बाजरी, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, आणि उपासना संपली की अंगणात लिलाव. कोंबडा प्रार्थनेच्या मध्येच आरवला नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही.

पण 'उपकार' हा शब्द आमच्या लोकांना दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती गावकुसाबाहेरचे. माझे पणजोबा वेशीबाहेर वाढले. मिशनच्या शाळेने त्यांना अक्षर दिलं हे खरं, आणि पुढे कित्येकांनी "मिशनने केलं नसतं तर तुम्ही कुठं असता" हे तोंडावर ऐकवलं हेही खरं. उपकाराखाली मान वाकते. बायबलातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या उपजाची टोपली आणणाऱ्याने आधी काय म्हणायचं ते सांगितलंय. माझा पूर्वज भटका अरामी होता, आम्ही मिसरात गुलामी केली, अशी सगळी हकिगत बोलायची आणि मग टोपली खाली ठेवायची. वर त्या टोपलीतलं लेवी, म्हणजे देवाच्या सेवेतली माणसं, आणि तुमच्यात राहणारा उपरी यांच्यासोबत खायचं. प्लिमथमध्ये उपरी कोण होतं आणि टोपली कोणाची होती, ह्याचा मी परतीच्या रस्त्यात विचार करत होते. तेवढ्यात जावयांचा फोन आला की थर्मामीटर १६५ दाखवतोय, काढू का?

जेवण पाच वाजता. सव्वाचारलाच सूर्य मावळला होता. पाहुण्यांत शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी, निवृत्त नर्स, आणि जावयांच्या ऑफिसातलं पुण्याचं जोडपं. आजींनी भोपळ्याचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ आणला होता आणि सोबत छोट्या डबीत मक्याचे सुके दाणे. प्रत्येकाच्या रिकाम्या ताटात त्यांनी पाच-पाच दाणे मोजून ठेवले. पहिल्या हिवाळ्यात एकेका माणसाच्या वाट्याला दिवसाला पाचच दाणे यायचे अशी कथा आहे. त्या स्वतःच हसून म्हणाल्या, "कथाच आहे, पण आमच्या घरात चालत आलीय." एकेका दाण्यावर एकेक आभार सांगायचा. पुण्याच्या मुलाने पहिला दाणा व्हिसाला वाहिला, त्यावर सगळे हसले, तो मात्र गंभीर होता. त्याच्या बायकोने तीन दाण्यांतच आवरतं घेतलं, तिचा आवाज भरून आला होता. आईला जाऊन दोन महिनेच झाले होते.

मग लेक म्हणाली, मम्मी मराठीत प्रार्थना करेल. मी केली. अन्नाबद्दल, हातांबद्दल, आणि ज्या लोकांनी ह्या मातीत मका पेरायला शिकवला त्यांच्या लेकराबाळांबद्दल. आमेन झाल्यावर आजींनी विचारलं, "तुमच्या प्रार्थनेत मी 'वांपानोआग' ऐकलं का?" लेकीने अर्थ सांगितला. आजी चमच्याशी चाळा करत थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी प्लिमथपासून तासाभरावर राहतेय. बारा वाजता त्या टेकडीवर कधी गेले नाही. तेव्हा आमची टर्की ओव्हनमध्ये असते."

टर्की, खरं सांगू, कोरडीच निघाली. काळ्या मसाल्याने तिची अब्रू राखली. रताळ्यावर मार्शमेलो घालून भाजतात हा प्रकार मला अजून पचलेला नाही, दोन्ही अर्थांनी. क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी मात्र आवडली. आमच्या करवंदाची मावसबहीण.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर, बोस्टन

काल ज्या देशाने आभार मानले तो आज पहाटे चारपासून दुकानांच्या रांगेत उभा होता. ह्यावर टोमणा मारायचा मोह झाला, पण लेकीने मला अर्ध्या किमतीत जाड कोट घेऊन दिला, तेव्हा गप्प बसते.

टर्कीची हाडं उकळायला ठेवून दुपारच्या गाडीने बोस्टनला गेलो. चौदा, बीकन स्ट्रीट. आमचं मिशन ज्या काँग्रिगेशनल पंथाचं, त्याची ही जुनी इमारत १८९८ची आहे आणि दर्शनी भिंतीवर चार कोरीव चित्रं आहेत. मान वर करून बघत राहिले. एकात मेफ्लॉवरवरच्या कराराच्या सह्या, एकात बेटावर पाळलेला पहिला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, एकात हार्वर्डची स्थापना, आणि एकात एलियट इंडियन लोकांना उपदेश करतोय. हे चित्र परोपकाराचं म्हणून आहे. बुधवारी नदीकाठी ऐकलेलं आठवलं. डियर आयलंडचं पाचवं चित्र भिंतीवर नाही. पण एक गोष्ट कळली, तेव्हापासून एलियटकडे जरा बऱ्या नजरेने पाहते. वांपानोआग भाषा बोलणारं कोणी उरलं नव्हतं. जेसी लिटल डो बेअर्ड ह्या त्यांच्याच समाजातल्या बाईने ती पुन्हा उभी केली आणि त्या कामात एलियटचं बायबल उपयोगी पडलं. त्याने ते धर्म पसरवायला केलं होतं. साडेतीनशे वर्षांनी त्यातून लेकरांना आईची बोली मिळाली.

आज २९ नोव्हेंबर. नगरला बहिणीने सकाळीच निरोप टाकला होता, चर्चचा वाढदिवस म्हणून. १९७०मध्ये ह्याच तारखेला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आमच्या काँग्रिगेशनल मंडळ्या त्याआधीच १९२४पासून दुसऱ्या एका संघात होत्या, तिथून ह्यात आल्या. गाडीत बसून बोटांवर हिशेब केला. १९७०चं थँक्सगिव्हिंग २६ तारखेला, म्हणजे कोल्स हिलवरचा पहिला शोकदिन आणि नागपूरचा तो दिवस एकाच आठवड्यातले. आणि २९ तारीख रविवार होती, आगमनकाळाचा पहिला रविवार! इतकी वर्षं वाढदिवस साजरा केला, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

शनिवार, ३० नोव्हेंबर, सेलम

सेलम म्हणजे इथल्या लोकांना चेटकिणी. १६९२मध्ये चेटूक केल्याचा आळ घेऊन एकोणीस जणांना फासावर लटकावलं, त्याच्यावर आज गावाचं पोट चालतं. ऑक्टोबरात पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आज चेटकिणींच्या टोप्यांची दुकानं अर्धी बंद होती.

माझं काम वॉशिंग्टन स्ट्रीटवर होतं. टॅबरनॅकल चर्च. इमारत आताची आहे, शंभरेक वर्षांची, शनिवार म्हणून कुलूपबंद. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी ह्या मंडळीत पाच तरुणांना दीक्षा देऊन हिंदुस्थानाकडे धाडलं, जडसन, नॉट, न्यूवेल, हॉल आणि राइस. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले आणि आमच्या मिशनची सुरुवात झाली. कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवण्याचे हुकूम निघाले होते, तरी चिकटून राहिले. हॉल मराठी शिकला, मराठी शाळा काढल्या. १८२६च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकाकडे गेला असताना पटकीची साथ होती. जवळचं औषध लोकांना वाटून टाकलं आणि परतीच्या वाटेत तोच पटकीने गेला. ह्या मिशनऱ्यांनी मिळून केलेला मराठी नवा करार त्याच वर्षी छापून आला.

कुलपासमोर उभी राहून मी काय केलं? दोन्ही हात जोडले. लेकीला जरा लाजल्यासारखं झालं, समोरून कुत्रा घेऊन एक बाई जात होती. मनात म्हटलं, शाळेबद्दल. बाकीचा हिशेब राहू दे.

मग चालत डर्बी वार्फला गेलो. समुद्रात दूरवर गेलेला दगडी धक्का, टोकाला बुटका दीपस्तंभ. वारा असा की डोळ्यांतून पाणी. ह्या बंदरातून १९ फेब्रुवारी १८१२ रोजी कॅरव्हॅन नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं, त्यात न्यूवेल आणि त्याची नवी नवरी हॅरिएट होती. वय अठरा. कलकत्त्यात राहू देईनात, म्हणून ती दोघं मॉरिशसला निघाली. वाटेत जहाजावरच बाळंत झाली, बाळ गेलं, आणि पोर्ट लुईला पोचल्यावर क्षयाने तीही गेली. तारीख ३० नोव्हेंबर १८१२, वय एकोणीस. आजची तारीख. न्यूवेल एकटा पुढे मुंबईला आला, काही वर्षांनी तोही पटकीनेच वारला.

एकोणीस म्हणजे माझ्या अकरावी-बारावीच्या मुलींहून जेमतेम मोठी. धर्मवीर, हुतात्मा असलं काही मला सुचलं नाही. तिच्या आईला हॅव्हरहिलच्या घरी ही बातमी किती महिन्यांनी कळली असेल, आणि तोवर ती रोज रात्री लेकीसाठी प्रार्थना करत असेल, एवढंच सुचलं. माझी लेक माझ्या टोपीचे बंद बांधत होती.

रविवार, १ डिसेंबर, नेटिक

सकाळी शून्याखाली. घराजवळच्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये गेलो. साधी पांढरी लाकडी इमारत, आत रंगीत काचा नाहीत, मोठ्या खिडक्यांतून नुसता उजेड. नगरच्या जुन्या मिशन चर्चांत हाच उजेड आहे. तो कुठून आला ते आज पाहिलं. दाराशी एक गृहस्थ हात पुढे करून उभे होते, माझ्या तोंडून आपसूक "सलाम" निघून गेला. त्यांनीही "सलाम" म्हणून हात हलवला.

वेदीपाशी सदाहरित फांद्यांचं चक्र, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी, मधोमध पांढरी. ही पद्धत मुळात जर्मनीतली. हॅम्बुर्गला १८३९मध्ये योहान विखर्न नावाच्या पाळकाने गरीब मुलांच्या आश्रमात लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून मुलं रोज विचारायची म्हणून. ज्यांनी थँक्सगिव्हिंग दिलं त्या लोकांना हे चाललं नसतं. ब्रॅडफर्डने १६२१च्या नाताळाला कामावर न जाता रस्त्यात खेळणाऱ्यांची खेळायची साधनं काढून घेतली होती. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड असा कायदाच झाला, १६५९ ते १६८१. त्यांच्या मते सण बायबलात नाही, तर पाळायचा नाही. आईही सांगायची की तिच्या लहानपणी आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्याबिणबत्त्या काही नव्हतं, नाताळाला करंज्या आणि भजन, बस्स. जांभळी मेणबत्ती आमच्याकडे नंतर आली.

एक आजोबा आणि त्यांची सात-आठ वर्षांची नात पहिली मेणबत्ती लावायला पुढे गेले. आजोबांनी लांब नळीचा लायटर दाबला, ठिणगीच पडेना. पुन्हा दाबला. नात आधी शहाण्यासारखी उभी होती, मग तिने लायटर हातातून घेतला, बाजूची कसलीशी खिट्टी मागे केली, पेटवला आणि आजोबांच्या हातात परत दिला. लावायचा मान त्यांचाच राहिला. चर्चभर हलकं हसू पसरलं. पहिली मेणबत्ती आशेची, असं पाळकबाईंनी म्हटलं.

वचन लूकच्या एकविसाव्या अध्यायातलं. सूर्य-चंद्रात चिन्हं होतील, आणि अंजिराच्या झाडाकडे पाहा, पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे तुम्हांला कळतं. खिडकीबाहेर एकाही झाडाला पान नाही. पाळकबाईंनी सांगितलं की त्यांच्या शेजारच्या इटालियन म्हाताऱ्याने वडिलांसारखंच अंजिराचं झाड लावलंय आणि इथल्या थंडीत ते जगत नाही, म्हणून दर नोव्हेंबरात तो झाड वाकवून चरात पुरतो, वर फळ्या आणि पाचोळा घालतो, वसंतात उकरून उभं करतो. आगमनकाळाचं ह्याहून लांबलचक प्रवचन त्यांनी केलं नाही, त्याबद्दल मी मनातल्या मनात पाकीट टाकलं. अंजीर म्हटलं की मला पुरंदर आणि सासवडच्या टोपल्याच आठवतात. झाड पुरून ठेवायचं हे पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेर पडल्याबरोबर बहिणीचा फोन. इथले साडेअकरा म्हणजे नगरला रात्रीचे दहा. त्यांची मेणबत्ती सकाळीच लागून विझलीसुद्धा होती.

"मोठी झाली का गं उपासना?"

"झाली की. पण ताई, जांभळी मेणबत्ती कुठंच मिळाली नाही. सेक्रेटरी कापडबाजारापर्यंत जाऊन आले. मग सन्डे स्कूलच्या पोरींनी पांढरीलाच जांभळा क्रेप कागद गुंडाळला."

"अगं, पेटला असेल कागद!"

"पेटलाच! पाळकसाहेब आशेवर बोलत होते, मागून धूर. मग वॉर्डनने दानार्पणाच्या थाळीनं विझवला." तिला बोलता बोलता हसू आवरेना. "पुढच्या रविवारसाठी तू तिकडून तीन घेऊन कुणाबरोबर पाठवतेस का? एक गुलाबी."